एक पदवी, दोन मुख्य विषय

सुरत-भुसावळ मार्गावरचे नवापूरचे रेल्वे स्थानक पाहिलेल्या माणसाला ते सहसा विसरता येत नाही. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन राज्ये झाली आणि त्यांची हद्द या जुन्या स्थानकाच्या मधूनच गेली. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, तर स्टेशन मास्तरांची कचेरी गुजरातेत. फलाटावर एक बाकही असे आहे की त्याचा अर्धा भाग एका राज्यात येतो आणि अर्धा दुसऱ्यात. घोषणा मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांतून होतात. आणि गाडी? ती हद्द न पाहता पुढे जाते.

आपल्या विद्यापीठांतही अशा हद्दी आहेत. वनस्पतिशास्त्र इथे संपले, रसायनशास्त्र तिथे सुरू झाले. विज्ञान या इमारतीत, भूगोल आणि अर्थशास्त्र त्या इमारतीत. विद्यार्थ्याने बारावीनंतर एका बाजूला उतरायचे आणि तिकडेच राहायचे, अशी आपली रीत. गेल्या काही वर्षांत मात्र एक वेगळा पर्याय कागदावर आला आहे. तो म्हणजे दोन विषयांना बरोबरीचे स्थान देणारी ऑनर्स पदवी. नवापूरसारख्या गावातील बारावीच्या वर्गात "सर, दोन्ही विषय घेतले तर चालतील का?" असा प्रश्न आला तर काय उत्तर द्यावे? त्यासाठी ही पदवी नेमकी कशी उभी राहते आणि ती उभी करताना कुठे अडते, हे आपण या लेखात पाहू.

चार गोष्टी, ज्यांची गल्लत होते

पहिली गोष्ट, एक मुख्य विषय आणि एक गौण विषय. विद्यार्थी रसायनशास्त्राचा पदवीधर होतो आणि जोडीला, समजा, भूगोलाचे काही अभ्यासक्रम करतो. ही दोन विषयांची पदवी नव्हे.

दुसरी गोष्ट, एकाच वेळी दोन पदव्या. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये याला परवानगी दिली. यात प्रवेश दोन, परीक्षा दोन आणि प्रमाणपत्रेही दोन असतात.

तिसरी गोष्ट, अनेक विषयांची सर्वसाधारण पदवी. यात तीन-चार विषय थोडे थोडे शिकतात, पण खोलवर एकही नाही.

चौथी गोष्ट आपल्या लेखाचा विषय आहे. प्रवेश एक, पदवी एक, पण मुख्य विषय दोन. दोन्हींचा पाया, मधला मजला आणि वरचा मजला विद्यार्थ्याने चढायचा. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये तिला संयुक्त ऑनर्स म्हणतात. आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या आयोगाच्या पदवी आराखड्यात तिला दुहेरी मुख्य विषयाची पदवी म्हटले आहे. या आराखड्यात तीन वर्षांनंतर साधी पदवी आणि चार वर्षांनंतर ऑनर्स पदवी मिळते. म्हणून आपल्याकडे संयुक्त ऑनर्स याचा काटेकोर अर्थ होतो चार वर्षे आणि दोन मुख्य विषय.

ही कल्पना नवी नाही

ऑक्सफर्डमध्ये १९२०च्या सुमारास तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र यांची एकत्र पदवी सुरू झाली आणि ती आजही चालू आहे. याहून धाडसी प्रयोग इंग्लंडमधील कील येथे झाला. तिथे १९४९ मध्ये एक नवे महाविद्यालय स्थापन झाले. त्याचे प्रमुख लिंडसे यांचे म्हणणे असे होते की दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जगात फक्त आपल्या विषयापुरते पाहणारा तज्ज्ञ पुरेसा नाही. म्हणून तिथली पदवी चार वर्षांची ठरली. पहिले वर्ष सर्वांना समान असे पायाचे, आणि पुढे दोन मुख्य विषय व जोडीला दोन उपविषय. या चारांत कला आणि विज्ञान या दोन्ही बाजूंचे काही तरी असलेच पाहिजे, असा नियम होता. १९६२ मध्ये या महाविद्यालयाचे विद्यापीठ झाले. पुढे पायाच्या वर्षाचा तो साचा मागे पडला, पण दोन विषयांच्या पदवीची परंपरा तिथे टिकली.

महाराष्ट्रातही याचे धाकटे भावंड होतेच. मुंबई विद्यापीठाच्या बी.ए.ला तिसऱ्या वर्षी एकाच विषयाच्या सहा पेपरांऐवजी दोन विषयांचे तीन-तीन पेपर घेता येत. याउलट पुणे विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला बरीच वर्षे पहिल्या वर्षी चार विषय, दुसऱ्या वर्षी तीन आणि तिसऱ्या वर्षी एकच, अशी निमुळती होत जाणारी रचना होती. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन होईपर्यंत खानदेशातील महाविद्यालये पुणे विद्यापीठाकडेच होती. त्यामुळे इथल्या अनेक ज्येष्ठ शिक्षकांनी विषय गळत गळत एकावर येण्याचा अनुभव स्वतः घेतलेला आहे. आज हेच विद्यापीठ कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाने ओळखले जाते आणि नंदुरबार जिल्हा त्याच्या कार्यक्षेत्रात येतो.

दोन विषय कशासाठी?

"दोन विषय म्हणजे दोन्ही अर्धवट" हा आक्षेप आपण पहिल्यांदा ऐकतो. त्याचे उत्तर आपल्या परिसरातच शोधू. नंदुरबार जिल्ह्यातील आदिवासी समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. त्याचा इतिहास पाहा.

१९१० मध्ये शिकागोतील डॉक्टर हेरिक यांनी एका रुग्णाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी पाहिल्याची नोंद प्रसिद्ध केली. पेशी वाकड्या का होतात, हे पेशी पाहून समजेना. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्युत क्षेत्रात हिमोग्लोबिनचे रेणू सरकवून पाहिले. सिकलसेलच्या रुग्णाचे हिमोग्लोबिन निरोगी माणसाच्या हिमोग्लोबिनपेक्षा वेगळ्या वेगाने सरकले, म्हणजे त्यावरचा विद्युतभार वेगळा होता. आजाराचे मूळ रेणूत सापडले, आणि ते शोधणारा माणूस रसायनशास्त्रज्ञ होता. पुढे व्हर्नन इन्ग्राम यांनी दाखवले की प्रथिनाच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले आहे. फरक फक्त एका जागेचा.

मग एवढा घातक दोष पिढ्यान् पिढ्या टिकला कसा? थॅलसेमिया या दुसऱ्या रक्तविकाराबाबत हॉल्डेन यांनी १९४९च्या सुमारास सुचवले की वाहकांना मलेरियापासून संरक्षण मिळत असावे. सिकलसेलबाबत ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतून तसा पुरावा मांडला. या हॉल्डेन यांनी ऑक्सफर्डला पदवीसाठी गणित आणि अभिजात भाषा-तत्त्वज्ञान यांचा अभ्यास केला होता, विज्ञानाची पदवी त्यांच्याकडे नव्हती!

आता थोडे गणित. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक मुलाला हा आजार असण्याची शक्यता १/४ असते. समजा, एखाद्या वस्तीत दर ५ माणसांत १ वाहक आहे. जोडीदारांची निवड वाहक असण्या-नसण्याशी निगडित नसेल, तर दोघेही वाहक असण्याची शक्यता १/५ × १/५ = १/२५. म्हणून आजारी मूल जन्मण्याची शक्यता १/२५ × १/४ = १/१००. पण ही "निगडित नसेल" ची अट खरी आहे का? लग्ने कोणत्या कुळांत होतात, कोणत्या गावांत होतात, यावर हा आकडा बदलतो. इथे समाजशास्त्र आणि मानवशास्त्र आले. आणि तपासणीचा निकाल घरी सांगायचा तो मावची, कोकणी किंवा भिली बोलीत. इथे भाषा आली.

म्हणजे एकाच आजारासाठी रसायन, जीवशास्त्र, संख्याशास्त्र, मानवशास्त्र आणि भाषा लागली. पाचही विषय एकाला येणार नाहीत. पण त्यांतले दोन नीट येणारी माणसे असली की साखळी तुटत नाही. १ जुलै २०२३ रोजी देशात सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, तिलाही गावपातळीवर अशाच माणसांची गरज आहे.

नवापूरने याचा आणखी एक धडा घेतला आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातील बर्ड फ्लूचा, म्हणजे एच५एन१ विषाणूचा, पहिला उद्रेक याच तालुक्यातील कुक्कुटपालन केंद्रांत आढळला. लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. २०२१ मध्ये रोगाने पुन्हा डोके वर काढले. विषाणू ओळखणे हे जीवशास्त्राचे काम. किती अंतरातले पक्षी मारायचे, भरपाई किती द्यायची आणि ती अपुरी पडली तर माणसे रोग लपवतील का, हे प्रश्न अर्थशास्त्राचे. विषाणू एका बाजूने आणि नुकसान दुसऱ्या बाजूने पाहणारा पदवीधर तालुक्याला हवा की नको?

दोन विषयांत खोल जाता येते, याचे मराठी वाचकाला जवळचे उदाहरण दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे आहे. १९०७ मध्ये गोव्यात जन्मलेले कोसंबी गणिती होते. वापरात नाणे झिजते आणि त्याचे वजन घटते, या साध्या गोष्टीला त्यांनी संख्याशास्त्राची जोड दिली आणि हजारो प्राचीन नाणी तोलून इतिहासाचा नवा पुरावा उभा केला. १९४४ मध्ये आनुवंशशास्त्रात त्यांनी दिलेले जनुकांमधील अंतराचे सूत्र आजही त्यांच्या नावाने वापरले जाते.

बेरीज जुळते का?

कल्पना चांगली असली तरी ती तासांत बसली पाहिजे. नव्या आराखड्यात अभ्यास श्रेयांकांत, म्हणजे सगळे ज्याला क्रेडिट म्हणतात त्यात, मोजतात. १ श्रेयांक म्हणजे एका सत्रात १५ तासांचे अध्यापन. प्रात्यक्षिक असेल तर ३० तास. चार वर्षांच्या पदवीला किमान १६० श्रेयांक लागतात, म्हणजे आठ सत्रांत प्रत्येकी २०.

आयोगाच्या आराखड्यात मुख्य विषयाला निम्मे श्रेयांक आहेत आणि दुसरा मुख्य विषय म्हणवून घ्यायला किमान ४० टक्के लागतात. १६० वर हिशेब केला तर पहिल्या विषयाचे ८० आणि दुसऱ्याचे ६४, मिळून १४४ झाले. उरले १६. पण सर्वांना समान असलेले अभ्यासक्रम अजून बाकीच आहेत: इतर विद्याशाखांचे ९, भाषांचे ८, कौशल्याचे ९, मूल्यशिक्षणाचे किमान ६ आणि प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाचे किमान २. ही बेरीज ३४.

१४४ + ३४ = १७८. म्हणजे १६० च्या भांड्यात १७८ ओतायचे आहेत! महाराष्ट्र शासनाने एप्रिल २०२३ मध्ये काढलेल्या आदेशात चार वर्षांसाठी १६० ते १७६ अशी मर्यादा आहे. तरीही २ वर जातातच. म्हणून पर्याय सुरू करणाऱ्या विद्यापीठाला आधी हे ठरवावे लागते की कोणता अभ्यासक्रम दोन्ही खात्यांत मोजायचा. उदाहरणार्थ, कौशल्याचे ९ श्रेयांक दुसऱ्या मुख्य विषयातूनच घेऊ दिले, तर बेरीज १६९ होते आणि मर्यादेत बसते. हे ठरवले नाही तर जादा ओझे मुकाट्याने विद्यार्थ्याच्या डोक्यावर जाते.

ओझे किती, तेही पाहू. १६९ श्रेयांक म्हणजे सत्राला साधारण २१. सत्र १५ आठवड्यांचे धरले, तर सगळे श्रेयांक व्याख्यानाचे असताना आठवड्याला २१ तास होतात. पण त्यांतले ७ प्रात्यक्षिकाचे असले, तर १४ तास व्याख्यानांचे आणि १४ प्रात्यक्षिकांचे, एकूण २८. म्हणजे प्रयोगशाळेचे दोन विषय घेतलेला विद्यार्थी इतरांपेक्षा आठवड्याला सात तास अधिक महाविद्यालयात असतो. पाड्यावरून एस.टी.ने येणाऱ्या मुलीची परतीची गाडी त्या सात तासांत चुकू शकते. पर्याय सर्वांना खुला आहे असे म्हणताना हे गणित विसरता येत नाही.

वेळापत्रकाचे कोडे

यानंतरची अडचण वेळापत्रकाची. महाविद्यालयात ७ विषय असतील तर दोन-दोनच्या जोड्या किती होतील? ७ × ६ ÷ २ = २१. विषय १० झाले तर जोड्या ४५. "कोणतीही जोडी घ्या" असे माहितीपत्रकात छापणे सोपे आहे. पण जोडीतले दोन विषय एकाच वेळी शिकवले गेले, तर ती जोडी कागदावरच राहते.

हे कोडे फळ्यावर सोडवता येते आणि वर्गालाही ते आवडते. सात ठिपके काढा आणि त्यांना नावे द्या: भौतिकशास्त्र, गणित, अर्थशास्त्र, भूगोल, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, प्राणिशास्त्र. ज्या दोन विषयांची जोडी द्यायची, त्यांच्यामध्ये रेघ ओढा. रेघेने जोडलेले दोन ठिपके एकाच वेळेच्या गटात ठेवायचे नाहीत. गणितात याला आलेखाचे रंगकाम म्हणतात. रंग म्हणजे वेळेचा गट, आणि रेघेच्या दोन टोकांना एकच रंग चालत नाही.

आता सहा जोड्या देऊ: भौतिक-गणित, गणित-अर्थशास्त्र, अर्थशास्त्र-भूगोल, भूगोल-वनस्पती, वनस्पती-रसायन, रसायन-प्राणी. रंग किती लागले? फक्त दोन! भौतिक, अर्थशास्त्र, वनस्पती आणि प्राणी हे सकाळच्या गटात. गणित, भूगोल आणि रसायन हे दुपारच्या गटात. सहाही जोड्या सुरळीत चालतात.

यात वनस्पती-प्राणी ही एकच जोडी वाढवा. वनस्पती, रसायन आणि प्राणी यांचा त्रिकोण तयार होतो आणि तिसरा गट लागतो. २१ च्या २१ जोड्या द्यायच्या ठरवल्या, तर प्रत्येक विषयाला स्वतंत्र वेळ, म्हणजे सात गट लागतील.

यातून एक अनपेक्षित गोष्ट दिसते. विज्ञानाचे सगळे विषय सकाळी आणि सामाजिक शास्त्रे दुपारी ठेवली, तर या दोन बाजूंमधली कोणतीही जोडी दोन गटांत बसते. म्हणजे जी जोडी आपल्याला सर्वांत अवघड वाटते, विज्ञान आणि सामाजिक शास्त्र यांची, तीच वेळापत्रकाला सर्वांत सोपी आहे. अडसर घड्याळात नाही, प्रवेशाच्या नियमांत आणि आपल्या सवयीत आहे.

पूल कोणी बांधायचा?

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार विद्यापीठात चार विद्याशाखा असतात: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. विषयाचा अभ्यासक्रम त्या विषयाचे अभ्यास मंडळ तयार करते, तो विद्याशाखेकडे जातो आणि पुढे विद्या परिषदेकडे. एका विषयाच्या पदवीला हा रस्ता सरळ आहे. दोन विषयांच्या पदवीला मंडळे दोन. प्रत्येक मंडळ आपापला अर्धा भाग नीट करील, पण मधला भाग कोणाचा?

कारण दोन विषय शेजारी ठेवल्याने ते आपोआप जुळत नाहीत. वनस्पतिशास्त्राच्या तासाला वनस्पती आणि भूगोलाच्या तासाला नकाशा एवढेच झाले, तर विद्यार्थी दोन अर्ध्या पदव्या घेऊन बाहेर पडतो. जुळणी होते ती दोन्ही लागणाऱ्या कामात. उदाहरणार्थ, तालुक्यातील एका ओढ्याकाठच्या झाडांची नोंद करायची, ती नकाशावर मांडायची आणि मावची बोलीतली त्यांची नावे लिहून घ्यायची. असा शेवटच्या वर्षाचा एक प्रकल्प, त्याला दोन्ही विभागांचे दोन मार्गदर्शक आणि गुण देण्याची एक ठरलेली पद्धत, एवढे तरी नियमांत लिहिलेले हवे.

प्रमाणपत्रावर काय छापायचे, हीसुद्धा लहान बाब नाही. पुढे एम.एस्सी.चा प्रवेश, बी.एड.चे अध्यापन विषय आणि नोकरीची जाहिरात या सगळ्यांत "संबंधित विषयातील पदवी" असे शब्द असतात. दोन्ही विषयांची नावे आणि प्रत्येकाचे श्रेयांक गुणपत्रकावर स्पष्ट नसतील, तर दोन्हींकडून नकार येण्याची भीती आहे. घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयात गेलेल्या मुलाला असा नकार परवडत नाही. याची दुसरी बाजूही आहे. आश्रमशाळेत किंवा लहान गावच्या माध्यमिक शाळेत विज्ञान आणि गणित बहुधा एकाच शिक्षकाकडे असते. भौतिकशास्त्र आणि गणित दोन्ही खोलवर शिकलेला पदवीधर अशा शाळेला किती उपयोगी पडेल, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

घाईचा धोकाही लक्षात असू द्यावा. दिल्ली विद्यापीठाने २०१३ मध्ये चार वर्षांची पदवी सुरू केली आणि एका वर्षातच, जून २०१४ मध्ये, ती मागे घ्यावी लागली. मधल्या मध्ये एका तुकडीला पुन्हा तीन वर्षांच्या रचनेत बसवावे लागले. म्हणून आमच्या मते सुरुवात दोन किंवा तीन जोड्यांनीच करावी. जिथे दोन्ही विभागांत पुरेसे शिक्षक आहेत आणि वेळ जुळते, तिथेच करावी, आणि एक तुकडी पूर्ण बाहेर पडल्यावर पुढची जोडी उघडावी.

तोपर्यंत आपण काय करावे?

वर्गात हा प्रश्न आला तर विद्यार्थ्याला चार गोष्टी विचारायला सांगा. माझ्या दोन्ही विषयांचे तास एकमेकांवर येतात का? एकूण श्रेयांक किती आणि त्यांत प्रात्यक्षिकाचे किती? दोन्ही विषय लागतील असा प्रकल्प आहे का? आणि गुणपत्रकावर दोन्ही विषयांची नावे येतात का? चारही उत्तरे लेखी मिळाली तर पुढे जायला हरकत नाही. एखादे मिळाले नाही तर एक मुख्य आणि एक गौण विषय घेणे हा कमीपणा नव्हे.

आणि शाळेत? तिथे आपल्याला कोणत्याही मंडळाची मंजुरी लागत नाही. विज्ञानाच्या आणि भूगोलाच्या शिक्षकांनी महिन्यातून एक तास एकत्र घ्यायचा ठरवले, तर गावची विहीर, बाजार किंवा कुक्कुटपालन केंद्र हा धडा होऊ शकतो. मुलांना दोन विषयांच्या मधली जागा पहिल्यांदा तिथेच दिसेल.